श्रीलंका स्वतः आखताना : गावं नव्हे, रात्री मोजा

आमच्या घरी, बडोद्यात दांडिया बाजारात, दिवाळीच्या फराळाला चार माणसं जमली की हल्ली कोणीतरी विचारतंच, "टूरवाल्याशिवाय श्रीलंका जमेल का हो आम्हाला?" जमेल. वाहनं आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालतात, घड्याळाचे काटे फिरवावे लागत नाहीत, मुंबईहून विमान अडीच तासांच्या आसपास पोचवतं आणि कामापुरतं इंग्रजी बहुतेक ठिकाणी चालतं. पहिल्यांदाच स्वतःच्या हिमतीवर परदेशात चार-पाच मुक्काम करायचे असतील तर सुरुवात इथूनच करावी, असं मी मनापासून सांगते.

मात्र आखणीत एक चूक जवळजवळ सगळे करतात. मीही केली होती. माझ्या पहिल्या वहीत नऊ दिवसांत आठ गावं होती. नकाशा पाहून धीर आला होता, कारण अख्ख्या बेटाची उत्तर-दक्षिण लांबी सुमारे ४३५ किलोमीटर, म्हणजे बडोदा-मुंबईपेक्षा थोडीशीच जास्त. क्षेत्रफळ तर गुजरातच्या एक तृतीयांश. त्यात आपल्याला अहमदाबादच्या एक्स्प्रेस-वेची सवय, ९३ किलोमीटर सव्वा तासात. त्या हिशेबाने कँडी ते नुवारा एलिया या ऐंशीही किलोमीटर नसलेल्या अंतरापुढे मी 'दीड तास' लिहून मोकळी झाले. तिथे चहाच्या मळ्यांतून वर चढणारा घाट आहे, अरुंद रस्ता, पुढे बस असली की तिच्या मागे रांग. तीन तासांवर लागले. आईला वळणं सोसली नाहीत. पोचलो तेव्हा अंधार पडला होता, आणि पुढच्या गावच्या खोलीचे पैसे भरलेले असल्यामुळे सकाळी उठून निघावं लागलं. सीता एलियाचं सीतेचं देऊळ तिथून पाच-सहा किलोमीटरवर होतं. आई मुळात त्या देवळासाठीच आली होती. तेच राहिलं.

तेव्हापासून मी रात्री मोजते. खाली लिहिलंय ते सगळं त्या एका हिशेबाभोवती आहे.

पहिलं काम : रात्रींची वाटणी

कोरा कागद घ्या आणि हातात किती रात्री आहेत ते वर लिहा. पहिली आणि शेवटची रात्र बाजूला काढा, त्या विमानतळाजवळ जाणार. उरलेल्या रात्रींना दोनने भागा. जो आकडा येईल तेवढेच मुक्काम. दहा रात्री असतील तर मधल्या आठ, म्हणजे चार मुक्काम. पाचवं गाव कितीही खुणावलं तरी नाही.

एका मुक्कामाला दोन रात्री का, तर गाव बदलण्यात अर्धा दिवस जातोच. सामान बांधणं, खोली सोडणं, प्रवास, नवी खोली दोन वाजल्यानंतरच ताब्यात येणं. एकच रात्र राहिलात तर त्या गावी तुम्ही फक्त झोपता. दोन रात्री राहिलात की मधला एक दिवस सबंध तुमचा.

नवख्यांना मी सुचवते तो दहा रात्रींचा मार्ग असा. नेगोंबो १, सिगिरिया २, कँडी २, एला २, मिरिसा किंवा गॉल २, परत नेगोंबो १. हे बेटाच्या पोटातून किनाऱ्याकडे उतरणारं वर्तुळ आहे, आलेल्या रस्त्याने मागे फिरावं लागत नाही. विमानतळ कोलंबोत नसून कटुनायकेला आहे आणि नेगोंबो त्याच्या अगदी जवळ, म्हणून पहिली रात्र तिथे. तिथून सिगिरिया मोटारीने चार तास धरा. सिगिरिया ते कँडी तीन, वाटेत दंबुल्लाची लेणी पाहायची तर पाच. एलाहून मिरिसाला चार तास, आणि गॉलहून विमानतळापर्यंत बराचसा एक्स्प्रेस-वे असल्यामुळे तीन तासांत पोचता येतं. फोनवरचा नकाशा जो वेळ दाखवतो त्यात डोंगराळ भागात एक तास मिळवूनच वहीत लिहा.

सातच रात्री असतील तर हाच मार्ग दाबून बसवू नका. डोंगर किंवा समुद्र, दोहोंपैकी एक सोडा. बरोबर वयस्कर माणसं असली तर एलातल्या दोन्ही रात्री नुवारा एलियाला द्या. १,८६८ मीटर उंचीवरचं गाव आहे, रात्री स्वेटर लागतो, आणि सीता एलियाला सावकाश जाऊन बसता येतं. आईला मी दुसऱ्या खेपेला तिथे नेलं. देवळाला लागून ओढा वाहतो, त्याच्या काठावर ती तासभर बसली. तो तास वहीत कोणत्याही नावाखाली लिहिलेला नव्हता.

कोणता किनारा, हे महिना ठरवतो

आपण पाऊस म्हटलं की जून ते सप्टेंबर समजतो. श्रीलंकेला दोन मोसमी पाऊस आहेत आणि ते दोन वेगळ्या बाजूंना पडतात. मे ते सप्टेंबर नैर्ऋत्येचा पाऊस कोलंबो, गॉल, मिरिसा आणि डोंगरांच्या पश्चिम उतारांना झोडपतो. तेव्हा मिरिसाचा समुद्र खवळलेला असतो आणि पाण्यात उतरणं धोक्याचं. त्याच महिन्यांत पूर्व किनारा, म्हणजे त्रिंकोमाली आणि पासिकुडा, शांत आणि कोरडा. डिसेंबर ते फेब्रुवारी ईशान्येचा पाऊस पूर्वेला आणि उत्तरेला असतो आणि दक्षिण किनाऱ्याला निळं पाणी मिळतं. मधल्या दोन संधिकाळांत, मार्च-एप्रिल आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, सकाळ बहुधा छान जाते आणि दुपारनंतर कुठेही गडगडाटी सर येऊ शकते.

हे आपल्या इथल्या सुट्ट्यांवर बसवून पाहू. मुलांच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत, मेमध्ये जाणार असाल तर सिगिरिया, कँडी आणि मग त्रिंकोमाली असा मार्ग घ्या, मिरिसा सोडून द्या. नाताळ ते उत्तरायण या काळात दक्षिण किनारा उत्तम, पण तोच युरोपातल्या पर्यटकांचाही हंगाम. खोल्यांचे भाव चढतात आणि आधी दोन-तीन महिने पाहावं लागतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये निघता येत असेल तर माझ्या मते त्याहून चांगला काळ नाही.

दिवाळीच्या सुट्टीबद्दल जरा जपूनच बोलते. बडोद्याहून सर्वांत जास्त लोक तेव्हाच निघतात, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हा तिथे जोराच्या सरींचा आणि वादळांचा काळ. नोव्हेंबर २०२५ मध्ये दितवा चक्रीवादळाने डोंगराळ भागात दरडी कोसळून फार मोठी जीवितहानी झाली, रस्ते आणि रेल्वेमार्ग खचले. दिवाळीत जायचंच असेल तर बाहेरची सगळी कामं दुपारी एकपर्यंत उरका, खोल्या रद्द करता येतील अशाच घ्या आणि डोंगरातल्या मुक्कामानंतर एक रात्र मोकळी ठेवा.

तारखा पक्क्या करण्यापूर्वी तिथलं कॅलेंडरही उघडा. प्रत्येक पौर्णिमेला, त्याला तिकडे पोया म्हणतात, सार्वजनिक सुट्टी असते. देवळांत गर्दी असते आणि मद्यविक्री बंद. १३-१४ एप्रिलच्या सुमारास सिंहली आणि तमिळ नववर्ष, तेव्हा दुकानं बंद आणि बसगाड्या गावी निघालेल्या माणसांनी भरलेल्या. जुलै-ऑगस्टमध्ये कँडीला एसला पेराहेराची मिरवणूक निघते. पाहण्यासारखी आहेच, पण खोली फार आधी धरावी लागते.

कागदपत्रं आणि पैसे

पासपोर्टची मुदत परतीनंतर निदान सहा महिने उरलेली हवी. नसेल तर आधी ते काम, पासपोर्ट सेवा केंद्र बडोद्यातच आहे. प्रवासाची परवानगी, म्हणजे ईटीए, श्रीलंकेच्या इमिग्रेशन खात्याच्या वेबसाइटवर घरबसल्या भरता येते. शुल्काचे नियम अधूनमधून बदलतात, म्हणून भरण्याच्या दिवशी तिथेच पाहा. एवढं मात्र सांभाळा की शोधयंत्रात वरती येणाऱ्या बऱ्याच वेबसाइटी दलालांच्या असतात. दिसायला सरकारी, आणि पैसे जास्त. खऱ्या पत्त्याच्या शेवटी 'जीओव्ही डॉट एलके' असतं. परतीचं तिकीट आणि पहिल्या खोलीचं आरक्षण कागदावर छापून जवळ ठेवा.

२०२२ च्या आर्थिक संकटात श्रीलंकेचा रुपया कोसळला आणि महागाई भडकली, त्यामुळे त्याआधीच्या प्रवासवर्णनांतले खर्चाचे आकडे आता निरुपयोगी आहेत. भारतीय रुपयाला साधारण तीन-साडेतीन श्रीलंकन रुपये पडतात, दर रोज हलतो. मी थोडे डॉलर रोख, एक फॉरेक्स कार्ड आणि फोनवर यूपीआय असं तिन्ही नेते. फेब्रुवारी २०२४ पासून तिथे यूपीआय चालतं, पण ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहार इथूनच सुरू करून निघा. शहाळंवाला, बस, देवळाबाहेर चपला सांभाळणारा यांना रोखच लागते. विमानतळावर उतरल्याबरोबर बँकांच्या खिडक्या आहेत, तिथे पैसे बदला आणि तिथेच सिमकार्ड घ्या. पावती फेकू नका, उरलेले पैसे परत बदलताना लागते.

प्रवास विमा घ्याच. आईबाबा बरोबर असतील तर आधीचे आजार त्यात धरलेत का, हे लेखी विचारा.

रेल्वे : ज्यासाठी मार्ग थोडा वाकवावा

कँडी ते एला हा आगगाडीचा प्रवास सहा-सात तासांचा आहे. मोटारीने लवकर होतो. तरी रेल्वेनेच जा, निदान अर्धा रस्ता. ब्रिटिशांनी चहा बंदरापर्यंत उतरवण्यासाठी हा मार्ग डोंगरात टप्प्याटप्प्याने वर नेला आणि १९२४ मध्ये तो एलापुढच्या बदुल्लाला पोचला. रूळ आपल्यासारखेच ब्रॉडगेज, आणि पत्तीपोला स्थानकाशी गाडी १,८९८ मीटरवर चढते. त्या उंचीपर्यंत आपल्याकडे खेळण्यातल्यासारख्या छोट्या गाड्या जातात, इथे पुरती मोठी गाडी धुक्यातून निघते. हॅटन ते हपुतळे हा तुकडा सर्वांत देखणा. एलाजवळचा नऊ कमानींचा पूल १९२१ चा, दगड, विटा आणि सिमेंटचा, पोलादाशिवाय बांधलेला.

आरक्षण साधारण महिनाभर आधी खुलतं आणि लगेच संपतं. तारीख वहीत लिहून त्या दिवशी सकाळीच बसा. पहिल्या वर्गाचा वातानुकूलित डबा टाळा, खिडक्या बंद असतात आणि ज्यासाठी आलो तेच काचेआड राहतं. दुसरा किंवा तिसरा आरक्षित वर्ग उत्तम. आरक्षण मिळालं नाही तर निराश होऊ नका, अनारक्षित तिकीट त्याच दिवशी खिडकीवर मिळतं, उभं राहावं लागेल एवढंच. अशा वेळी कँडीहून न बसता मोटारीने नानू ओयापर्यंत या, नुवारा एलियाचं स्थानक तेच, आणि तिथून एलापर्यंत तीन-चार तास गाडीने जा. काही गाड्या कँडी स्थानकात न शिरता पेरादेनिया जंक्शनवरूनच डोंगराकडे वळतात. तिकिटावर कोणतं स्थानक छापलंय ते नीट वाचा, आमच्यासमोर एक कुटुंब चुकीच्या फलाटावर उभं होतं.

पावसाळ्यात आणि वादळांनंतर हा मार्ग तुकड्यातुकड्याने बंद असू शकतो. निघण्याच्या आठवड्यात चालू आहे का ते पाहा, आणि एलाच्या हॉटेलवाल्यालाही विचारा. त्याला नेमकं ठाऊक असतं. दारात लोंबकळून फोटो काढण्याची टूम आहे. बोगदे आणि झाडं रुळांना अगदी खेटून आहेत, मुलांना दारापासून लांब ठेवा.

बाकीचे टप्पे

उरलेल्या रस्त्यासाठी कुटुंब असेल तर चालकासह मोटार सोयीची. ठरवताना इंधन, पार्किंग, एक्स्प्रेस-वेचा टोल, चालकाचं जेवण आणि रात्रीची सोय भाड्यात धरली आहे का, हे सगळं व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. चालक वाटेत मसाल्याची बाग, रत्नांचं दुकान असं थांबवतो. तिथे त्याला कमिशन मिळतं. "दादा, आम्हाला दुकानांत थांबायचं नाही," असं पहिल्याच दिवशी हसून सांगितलं की प्रश्न मिटतो. दोघंच असाल तर बस आणि आगगाडीने सगळं होतं, फार स्वस्तात. गावातल्या गावात पिकमी नावाचं ॲप वापरा, रिक्षाचं भाडं आधीच दिसतं.

सिगिरियाचा खडक सकाळी दार उघडताच चढायला घ्या. सुमारे १,२०० पायऱ्या आहेत आणि दहानंतर दगड तापतो. पाचव्या शतकात कश्यप राजाने वर महाल बांधला, खाली त्याच्या बागा आणि हौद आहेत. वाटेतल्या भित्तिचित्रांचे फोटो काढायला बंदी आहे. गांधीलमाश्यांची पोळी आहेत, तिथे गडबड करायची नाही. सार्क देशांच्या, म्हणजे आपल्याही, नागरिकांना तिकिटात सवलत असते, त्यासाठी मूळ पासपोर्ट जवळ हवा, झेरॉक्स चालत नाही. ज्यांना एवढं चढवत नाही त्यांनी खालच्या बागाच निवांत पाहाव्यात. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये असाल तर दुपारची जीप मिन्नेरियाच्या तलावाकडे न्या, पाणी ओसरून उगवलेल्या गवतावर शेकड्यांनी हत्ती जमतात. हत्तीच्या पाठीवर बसवणाऱ्यांकडे मात्र जाऊ नका.

कँडीच्या दंतमंदिरात, म्हणजे बुद्धाचा दात जपलेल्या देवळात, दिवसातून तीनदा पूजा होते, संध्याकाळची साडेसहाच्या सुमाराची गाठा. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढणं तिथे अपमान समजतात, आणि अंगावर बुद्धाचं गोंदण दिसल्यामुळे परदेशी पाहुण्यांना परत पाठवल्याची उदाहरणं आहेत. दुपारी देवळाच्या अंगणातली फरशी तापते, पिशवीत पायमोजे ठेवा.

एलाहून समुद्राकडे उतरताना उदावालावेचं अभयारण्य वाटेत घेता येतं, हत्ती तिथे बारमाही दिसतात. मिरिसाला नोव्हेंबर ते एप्रिल देवमासे पाहायला बोटी निघतात. बोट लागत असेल तर गोळी आधी घ्या. गॉलचा किल्ला पोर्तुगीजांनी सुरू केला आणि डचांनी पुरा केला. २००४ च्या त्सुनामीत त्याच्या तटाने आतल्या वस्तीला बरंच वाचवलं. संध्याकाळी त्याच तटावरून चालत जा.

शाकाहारी असाल तर

इथे गाफील राहू नका. भात, परिप्पू म्हणजे मसुरीची आमटी, फणसाची भाजी, वांग्याचं मोजू, हे सगळं शाकाहारी वाटतं आणि बहुतेक वेळा असतंही. पण ओल्या नारळाच्या चटणीत, पोल सांबोलमध्ये, सुक्या माशाचा चुरा घालायची पद्धत आहे, कधी भाजीतसुद्धा. त्याचं नाव उंबलकड. नुसतं 'व्हेज' म्हणून भागत नाही, "उंबलकड नको" असं नाव घेऊन सांगा. "मस् माळु एपा", म्हणजे मांस-मासे नको, एवढं सिंहली पाठ करा. तमिळ वस्तीत 'सैव' अशी पाटी दिसली की निर्धास्त आत शिरा, तिथे इडली-डोसा मिळतो.

भात-भाज्यांचं पूर्ण ताट दुपारीच मिळतं. संध्याकाळी आप्पे, इंडिआप्पा म्हणजे वाफवलेल्या शेवया, आणि कोट्टू म्हणजे तव्यावर चिरून परतलेली रोटी. आप्पे म्हणजे आपले आप्पे नव्हेत, तांदळाच्या पिठाची वाटीसारखी कुरकुरीत कडा असलेली पातळ धिरडी. म्हशीच्या दुधाचं दही मातीच्या मडक्यात लावतात आणि वर कितुल माडाचा काकवीसारखा पाक ओततात. आमच्याकडच्या ताटातल्या श्रीखंडाची आठवण न येता ते मी कधी खाल्लं नाही. केशरी सालीचं शहाळं, थंबिली, दिवसातून दोनदा प्या, उकाड्यावर तेच औषध. घरून थेपले, दशम्या आणि मेतकुटाची पुडी घ्या, रेल्वेच्या दिवशी उपयोगी पडते. डेंग्यूचे डास दिवसा चावतात. मलम सकाळीच लावा.

खोल्या, आणि परत येताना

पहिली आणि शेवटची खोली पक्की पैसे भरून, मधल्या सगळ्या रद्द करता येतील अशा. घरगुती निवास निवडा. मालकीणबाई पहाटे निघणाऱ्यांना नाश्ता बांधून देतात, आणि कोणत्या अभयारण्यात सध्या हत्ती आहेत ते त्यांना विचारून कळतं. उष्ण प्रदेशात वातानुकूलन हवं की नुसता पंखा, हे किनाऱ्यावर महत्त्वाचं, एलात नाही.

शेवटची रात्र डोंगरात किंवा गॉलला काढून थेट विमान पकडण्याचा मोह होईल. नेगोंबोलाच राहा. एक दरड, एक मोर्चा, एक बंद पडलेली गाडी, आणि विमान जातं. तसंच मुंबईत उतरल्यावर त्याच रात्रीच्या गाडीचं आरक्षण करू नका. विमानतळावरून मुंबई सेंट्रलपर्यंत उलटं जाण्यापेक्षा बोरिवली गाठा, बडोद्याकडे येणाऱ्या बहुतेक गाड्या तिथे थांबतात. दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी धरा, दुपारच्या जेवणाला घरी पोचता येतं.